मार्गदर्शकाविना विद्यावाचस्पती

डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळात ‘सारथी’च्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न निघाला असता, पीएच. डी. करून ही मुले कोणते दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचे उद्गार तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी काढले. गदारोळ झाला आणि विसरलाही गेला. प्रश्न उर्मट होता खरा. परंतु तो अगदीच निरर्थक होता, असे आम्हांस वाटत नाही. विद्यार्थ्यांस विचारण्याऐवजी, दिव्यात तेल घालण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांस तो विचारावयास हवा होता.

वारज्याच्या माळवाडीत चौघांत एक खोली घेऊन राहणारा मराठवाड्यातील विद्यार्थी गणेशखिंडीस जातो, तेव्हा त्याच्या पदरी काय पडते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व साहाय्यकास चारच विद्यार्थी घेता येतात. नियम योग्यच आहे. मात्र निवृत्तांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, की त्याचा अर्थ ‘थांबा’ एवढाच उरतो. आणि थांबावयास पैसा लागतो. दरमहा ३७,००० रुपयांची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती थोड्यांच्याच वाट्यास येते. बाकीच्यांनी राज्याच्या संस्थांच्या दारी आंदोलने करावयाची!

मध्यंतरी प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती होती. तिने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. २०१८ मध्ये आयोगाने आपल्या यादीतील ४,३०५ नियतकालिके वगळली; २०२२ मध्ये सक्तीच उठली. उशिरा का होईना, शहाणपण सुचले.

याच पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये ह. धी. सांकळिया यांनी एकेका विद्यार्थ्याकडे एकेका नदीचे खोरे सोपवून पुराविद्येची पिढी घडविली. तेथे गुरू होता, म्हणून प्रबंध होता. युगांडातील मकेरेरे विद्यापीठाच्या समाजसंशोधन संस्थेत परदेशी संस्थांची सल्लागारी हेच संशोधन होऊन बसले होते. तेव्हा संस्थेचे संचालक महमूद ममदानी यांनी २०१२ मध्ये पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला व त्यातील पहिली दोन वर्षे केवळ अध्ययनास दिली. आमच्याहून गरीब देशास हे सुचावे आणि आम्ही सहा महिन्यांच्या पूर्वाभ्यासावर विद्यार्थ्याची बोळवण करावी, हे आम्हांस खटकते.

सरकारने रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत. तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडून मार्गदर्शनाची अपेक्षा व्यर्थ आहे. अधिछात्रवृत्ती महिन्याच्या महिन्यास द्यावी. आणि विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेची जाहिरात काढण्यापूर्वी, कोणत्या विषयात किती मार्गदर्शकांकडे किती जागा खरोखर शिल्लक आहेत, याचा तक्ता प्रसिद्ध करावा. त्यास तर कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.