क्षय की कृमी?

पाठ सतत दुखू लागते, पायांतील बळ ओसरते, एमआरआयच्या चित्रात मणक्याचे हाड झिजलेले आणि मज्जारज्जू दबलेला दिसतो. आणि क्षयरोगाची औषधे सुरू होतात. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात पहिला संशय क्षयाचा घेतला जावा, हे योग्यच आहे. तथापि संशय म्हणजे निदान नव्हे. क्वचित प्रसंगी याच लक्षणांमागे कुत्र्याच्या आतड्यात राहणारा, काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी असतो, आणि क्षयाच्या औषधांचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही. दरम्यान रुग्णाचे पाय मात्र कायमचे निकामी होऊ शकतात.

या रोगाचे नाव हायडॅटिड. कत्तलीनंतर फेकून दिलेले रोगट यकृत किंवा फुफ्फुस कुत्रा खातो. पुढे त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी मातीत, पाण्यात व भाजीपाल्यावर पसरतात आणि तेथून माणसाच्या पोटात जातात. बहुतेक रुग्णांत पाण्याने भरलेली गाठ यकृतात वा फुफ्फुसात वाढते. हाडात ती क्वचितच शिरते; पण शिरली तर सुमारे निम्म्या रुग्णांत ती कण्यातच सापडते. तेथे तिच्याभोवती संरक्षक आवरण तयार होत नाही. लहान लहान गाठी हाडाच्या पोकळ्यांतून वर्षानुवर्षे पसरत राहतात आणि अखेर मज्जारज्जूवर दाब येतो.

निदानाच्या वाटा अगदीच बंद नाहीत. क्षयात मणक्यांमधील चकती बहुधा नष्ट होते. हायडॅटिडमध्ये ती बहुधा शाबूत राहते. हाडातील रोगात रक्ततपासणी अनेकदा नकारार्थी येते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबता येत नाही. पोटाची सोनोग्राफी व छातीचा एक्स-रे यांतून दुसरी गाठ सापडली, तर उलगडा होऊ शकतो. शिवाय संशय सुई टोचण्यापूर्वीच यायला हवा. कारण गाठ फुटली तर रोग पसरतो आणि जिवावर बेतणारी ॲलर्जीही उद्भवू शकते.

उपचार दीर्घ आहे. शस्त्रक्रियेने मज्जारज्जूवरील दाब काढायचा, गाठ न फोडता उचलण्याचा प्रयत्न करायचा आणि अल्बेंडाझोल अनेक महिने द्यायचे. शाळेत जंतांसाठी मिळणारी याच औषधाची एक गोळी येथे पुरत नाही. एवढे करूनही रोग उलटण्याचे प्रमाण मोठे आहे. म्हणून रुग्णावर अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागते.

यास्तव दोन गोष्टी निकडीच्या आहेत. ऊतीचा पुरावा नसताना क्षयाचे औषध सुरू केले, तर निदानाचा फेरविचार कधी करायचा, ती तारीख त्याच दिवशी केसपेपरवर लिहिली जावी. दुसरी गोष्ट रुग्णालयाबाहेरची. आइसलँडमध्ये हाराल्ड क्राबे यांनी १८६३ साली केलेल्या अभ्यासानंतर लोकशिक्षण आणि कुत्र्यांवरील कायदे यांच्या बळावर हा रोग हटविला गेला. न्यूझीलंडनेही २००२ साली यापासून तात्पुरती मुक्ती जाहीर केली. त्यासाठी अद्भुत यंत्रे लागली नाहीत. कुत्र्यांना नियमित जंतनाशक देणे आणि रोगट अवयव त्यांच्या तोंडी पडू न देणे, एवढीच शिस्त लागली. भारतातील नगरपालिका मोकाट कुत्र्यांची नसबंदी करतात, रेबीजची लसही टोचतात. परंतु कत्तलखान्यामागचा उकिरडा उघडाच राहिला, तर कण्यातील रोगाचा उगम तसाच राहील. शल्यविशारदाच्या कौशल्याने एखादा रुग्ण पुन्हा चालू लागेल. पुढचा रुग्ण निर्माण होऊ नये, हे काम नगरपालिकेचे आहे.