दुकानदाराच्या यादीत आपले नाव

मैत्रिणींनो, बिल करताना "ताई, मोबाईल नंबर?" असं कुणी विचारलं की आपण पटकन सांगून मोकळ्या होतो. मीही व्हायचे. मागे लेकीची दहावीची पुस्तके घेतली तेव्हा नंबरासोबत तिचे नाव नि इयत्ताही सांगून बसले. आठ दिवसांत क्लासवाल्यांचे फोन सुरू! एकाने तर तिला नावानिशी बोलवायला सांगितले. काटाच आला अंगावर. दुकानाचे नाव लिहीत नाही. नंबर तिथूनच गेला याचा पुरावा माझ्याजवळ कुठे आहे?

खरे तर बिलासाठी नंबराची सक्ती करू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच व्यापाऱ्यांना कळवले आहे. (मी आता सरळ "नंबर नाही देत, कागदी बिल द्या" म्हणते. देतात हो!) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकांची माहिती सांभाळण्याचा कायदाही झाला. नियम यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि धंदेवाल्यांवरची मुख्य बंधने त्यापुढे १८ महिन्यांनी. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत!

हा आकडा ऐकून आमचे भावोजी हादरले. त्यांचा इथे रत्नागिरीत हापूसच्या पेट्यांचा धंदा. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते त्यांच्या मोबाईलमध्ये, नि हंगामात ते पेट्यांवर लिहायला मी. "वहिनी, एप्रिल-मेमध्ये मी पेट्या भरू की कागद?" म्हणाले. खोटं नाही त्यांचं. दोन माणसांच्या धंद्याला बड्या कंपनीचे नियम कसे झेपणार? म्हणून तर छोट्यांना मोकळीक द्या, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. कायद्यातही तशी वाट आहे. माहिती किती नि कसली ते पाहून सरकार काही धंद्यांना १७व्या कलमाखाली सूट देऊ शकते.

पण ही सूट कशाकशातून, ते बघा. संमती घ्यावीच लागते, माहिती जपावीही लागते. सुटका होते ती माहिती कशाला हवी ते आधी रीतसर कळवण्यातून, काम झाल्यावर ती आपणहून पुसण्यातून, आणि "माझं काय काय लिहून ठेवलंय?" याचे उत्तर देण्यातून. पुसून टाका म्हणण्याचा हक्क आपल्याकडे राहतो. अहो, पण काय लिहिलंय तेच कळलं नाही, तर पुसा म्हणणार तरी काय?

माझे म्हणणे, भावोजींसारख्यांना ती लांबलचक नोटीस खुशाल माफ करा. विचारलं तर दाखवणं मात्र राहू द्या. एक नाव शोधायला त्यांना दोन मिनिटे लागतात, मी पाहिलंय.

भावोजी आधी कुरकुरले. मग परवा दुपारी जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघे त्यांची यादी घेऊन बसलो. तीन वर्षांत पेटी न मागवलेल्यांची नावे काढून टाकली. त्यात ठाण्याच्या एक आजी निघाल्या. त्या जाऊनही दोन वर्षे झाली. दर चैत्रात त्यांच्या नंबरावर आमचा "आंबा तयार आहे" हा मेसेज जातच होता.