वस्तादांचा इतिहास कोण लिहिणार?

१/ एप्रिल २०१८. गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५७ किलो वजनगटाचे सुवर्णपदक पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी जिंकले आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. पाटोदा आमच्याच बीड जिल्ह्यातले. इकडे परळीपर्यंत विजेत्याचे कौतुक पोहोचले. गुरूंचे नाव मात्र बातमीच्या अखेरच्या ओळीत राहून गेले. हा थ्रेड त्या ओळीविषयी आहे.

२/ गुरूंचे नाव हरिश्चंद्र बिराजदार. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यातले रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पहिलवान बिराजदारांची नोंद इथवर ठळक आहे. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्ल घडवले. ही दुसरी कारकीर्द तितकीच मोलाची. परंतु तिच्याविषयी आपले दप्तर जवळजवळ मुके आहे.

३/ एक योगायोग पाहा. त्याच १९६९ साली अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या फुटबॉलपटूंचे बळ वाढवण्यासाठी बॉइड एप्ली यांची नेमणूक केली. १९७८ मध्ये त्यांनी अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभारली. खेळाडूने किती वजन उचलले, किती वेगाने धावला, हे मोजणे आणि लिहून ठेवणे हा त्या पेशाचा पायाच ठरला.

४/ आपल्याकडे हेच काम वस्ताद पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. पहाटेचे जोर, बैठका, सपाट्या, दोरावरची चढण, हौद्यातली माती खणणे, मग लढत. कोणाचा खुराक वाढवायचा, कोणाला विश्रांती द्यायची, कोणाला कोणाशी भिडवायचे, हा निर्णय वस्तादांचा. घरापासून दूर आलेल्या पोरांचे पालकत्वही त्यांच्याकडेच. इंग्रजीत या कामाला आज लांबलचक पदनाम आहे. आपण त्याला एकाच शब्दात ओळखत होतो.

५/ तरीही कुस्तीचा आपला इतिहास म्हणजे गदा, फेटे आणि निकालांची यादी. कोणी कोणाला चितपट केले, हे आपण सांगू शकतो. तो मल्ल कसा घडला, दुखावलेल्या गुडघ्याने किती दिवस आखाड्याबाहेर बसला, मातीवरून मॅटवर येताना त्याला काय विसरावे लागले, हे आपण विचारतच नाही.

६/ खाशाबा जाधवांचेच उदाहरण घ्या. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तेथे रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने त्यांना मार्गदर्शन केले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. परंतु सहाव्या स्थानापासून पदकापर्यंतच्या चार वर्षांतली तालीम त्या कथेत नसते.

७/ यावर कोणी म्हणेल, ही विद्या गुरुमुखी आहे; ती कागदावर उतरत नाही. हा युक्तिवाद मला मान्य नाही. १९३६ पासून बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली व्यायाम ज्ञानकोशाचे १० खंड मराठीत प्रसिद्ध झाले. अर्थात, हे लिहिता येते. प्रश्न क्षमतेचा नसून आस्थेचा आहे.

८/ दुसरा आक्षेप: वस्तादांना पुरस्कार मिळतातच की. बिराजदारांनाही २००६ साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराने माणसाचा सन्मान होतो. त्याची पद्धत जतन होत नाही. २०११ मध्ये ते गेले. आवारे पुढे काका पवारांच्या हाताखाली तयार झाले आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक विजेते ठरले. परंपरा खंडित झाली नाही, हे खरे. मात्र बिराजदारांनी कोणाला काय, केव्हा आणि का शिकवले, हे आज त्यांच्या शिष्यांच्या स्मरणातच शोधावे लागेल. आणि स्मरणाला वय असते.

९/ मराठवाड्यातून पोरे पुण्या-कोल्हापूरच्या तालमींत जातात, हा आपल्या प्रदेशाच्या स्थलांतराचाही इतिहास आहे. तो लिहिण्यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावातील वृद्ध वस्तादांकडे जा. त्यांना तीन गोष्टी विचारा: तुम्हाला कोणी शिकवले, तुमचा दिवस कसा जाई, आणि तुमच्या हाताखालून गेलेल्यांपैकी जे पहिलवान झाले नाहीत त्यांचे पुढे काय झाले? परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा. नाव, गाव, तारीख लिहा. तिसरा प्रश्न मुळीच गाळू नका. निकालांच्या यादीत ज्यांचे नाव कधीच आले नाही, ते त्या उत्तरातच सापडतील.