तक्ता वाचला म्हणजे नजर चांगली?

शाळेतल्या आरोग्य तपासणीत मूल सहा मीटरवरचा तक्ता बिनचूक वाचते आणि ‘दृष्टी सामान्य’ अशी नोंद होते. तेच मूल हातात आलेला चेंडू सोडते, फळ्यावरचे वहीत उतरवताना ओळ चुकते, जिना उतरताना अडखळते. फुटबॉल आणि कुस्तीच्या कोल्हापुरात अशा मुलावर ‘वेंधळा’ हा शिक्का लवकर बसतो.

यामागे विकासात्मक समन्वय विकार, म्हणजेच डिस्प्रॅक्सिया, असू शकतो. शाळकरी वयातील ५ ते ६ टक्के मुलांत तो आढळतो. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण दोन.

या मुलांच्या डोळ्यांकडे वेगळे लक्ष द्यायला हवे. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात सात-आठ वर्षांच्या सात हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. समन्वयाची तीव्र अडचण असलेल्या मुलांत जवळचे पाहण्याचा दोष, दोन डोळ्यांच्या नंबरांतील तफावत आणि दोन्ही डोळे एकत्र वापरण्यातील त्रुटी अधिक आढळल्या. यातल्या बऱ्याच गोष्टी लांबच्या तक्त्यावर दिसत नाहीत. जवळचा दोष असलेले मूल डोळ्यांवर ताण देऊन तक्ता वाचून जाते. चेंडू किती जवळ आला, याचा अंदाज मात्र दोन्ही डोळ्यांच्या मेळावर अवलंबून असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधून झाली. त्याच्या ३० आजारांच्या यादीत दृष्टिदोष आणि अध्ययन अक्षमता आहेत. समन्वय विकाराचे नाव नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मात्र विशिष्ट अध्ययन अक्षमतेत डिस्प्रॅक्सियाचा स्पष्ट उल्लेख करतो. कायद्याने मान्य केलेली अडचण तपासणीच्या यादीत नावानिशी नसल्याने ती नजरेतून सुटण्याचा धोका आहे.

उपाय खर्चिक नाही. वर्गशिक्षकांनी पथकाला मुलाच्या अडखळण्याची माहिती द्यावी. पथकाने अशा मुलाला तक्ता वाचला तरी सीपीआरसारख्या रुग्णालयाच्या नेत्र आणि बालरोग विभागात पाठवावे. तिथे थेंब घालून नंबर काढणे, जवळची नजर आणि दोन्ही डोळ्यांचा मेळ तपासणे शक्य आहे. या विकाराचे निदान करतानाही हालचालींतील अडचण निव्वळ दृष्टिदोषामुळे नाही ना, हे पाहावेच लागते.

चष्म्याने हा विकार बरा होत नाही. त्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या देखरेखीखाली रोजच्या कामांचा सराव लागतो. पण त्या सरावात मुलाला चेंडू आणि वहीची ओळ तरी नीट दिसली पाहिजे.