पावात टोस्ट, वर मीठ-मिरी

नोव्हेंबर २०११ मध्ये ‘रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री’ या ब्रिटनमधील रसायनशास्त्रज्ञांच्या प्रतिष्ठित संस्थेने एका विस्मृत पाककृतीचे गाजावाजा करून पुनरुज्जीवन केले. कृती अशी: पावाच्या दोन कापांना लोणी लावावे, तिसरा काप भाजून थंड होऊ द्यावा, तो या दोहोंच्या मध्ये ठेवावा आणि चवीपुरते मीठ व मिरपूड भुरभुरावी. थोडक्यात, पावात पाव. श्रीमती बीटन यांच्या १८६१ सालच्या सुप्रसिद्ध गृहव्यवस्थापनाच्या ग्रंथात ही कृती रुग्णांच्या पथ्यासाठी दिलेली आहे. दीडशे वर्षांनंतर शास्त्रज्ञांनी ती मंदीने गांजलेल्या धडधाकट माणसांपुढे ठेवली. खर्च माणशी साडेसात पेन्स. याहून स्वस्त भोजन सुचविणाऱ्यास दोनशे पौंडांचे बक्षीसही जाहीर झाले. ही थट्टा होती की सल्ला, हे वाचकाने ठरवायचे होते, आणि नेमकी तिथेच या प्रकरणातील मेख आहे.

स्वतःच्या अन्नाची टिंगल करण्यात ब्रिटिश माणसाचा हात धरणारा दुसरा कोणी नसेल. पावाच्या दोन कापांत बटाट्याचे वेफर दाबून भरायचे आणि त्याला जेवण म्हणायचे. तळलेल्या बटाट्याच्या जाड फोडी लोणी लावलेल्या पावात घालून तिला ‘चिप बटी’ असे लाडके नाव द्यायचे. उकळते पाणी ओतून फुगविलेल्या पॉट नूडलच्या शेवया पुन्हा पावातच कोंबायच्या. आणि मग वेफर मीठ लावलेले हवेत की चीज-कांद्याच्या चवीचे, यावर न्यायालयीन गांभीर्याने वाद घालायचा, हा तेथील सर्वसामान्यांचा आवडता विनोद आहे. शेफील्ड युनायटेड या फुटबॉल संघाचे पाठीराखे मैदानात जे गाणे एकमुखाने गातात, त्यात या तेलकट चिप बटीला मानाचे स्थान आहे. बेलफास्टमध्ये तर २०१५ साली एका विडंबनात्मक बातमीवरून स्फूर्ती घेऊन केवळ वेफरच्या सँडविचांचे दुकान खरोखरच उघडले गेले. विडंबन आणि व्यापार यांच्यातील अंतर त्या देशात फार थोडे असावे.

या विनोदात लाचारी नाही. जे आहे ते आमचे आहे आणि आम्हाला ते आवडते, असे सांगण्याची ती एक रीत आहे. शिवाय बटाटा पावात घालणे ही काही इंग्रजांची मक्तेदारी नव्हे. लँकेशायरच्या गिरणी-गावांत तळलेले मासे आणि बटाटे ज्या कारणाने रुजले, त्याच कारणाने मुंबईच्या गिरणगावात वडापाव रुजला. पाळी सुटलेल्या कामगाराला उभ्या उभ्या, गरम, पोटभर आणि चार पैशांत काहीतरी हवे होते. मुंबईहून गेलेल्या दोन मित्रांनी लंडनच्या हौन्स्लो भागात २०१० साली वडापावचे दुकान काढले, तेव्हा तो पदार्थ एका अर्थी चुलत भावाच्याच घरी उतरला.

या खाद्यसंस्कृतीला अभिरुचीचा अभाव म्हणून हसणारे तिचा आर्थिक इतिहास विसरतात. दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने १९४० मध्ये सुरू झालेले अन्नाचे रेशनिंग ब्रिटनमध्ये १९५४ पर्यंत चालले. मासे-बटाट्यांच्या दुकानांवर मात्र रेशनचे बंधन नव्हते. श्रमजीवी वर्गाच्या मनोधैर्याची किंमत सरकारला ठाऊक होती. लेस्टरच्या वॉकर नामक खाटकाने १९४८ मध्ये बटाट्याचे वेफर तळायला घेतले, ते दुकानात विकायला मांस पुरत नव्हते म्हणून. आज त्या देशातील वेफरचे सर्वांत प्रसिद्ध नाव तेच आहे. १९५५ मध्ये गोठविलेल्या माशांची बोटे, म्हणजे ‘फिश फिंगर’, बाजारात आली. १९६१ मध्ये चॉर्लीवूड येथील संशोधकांनी हलक्या प्रतीच्या गव्हापासून वेगवान यंत्रावर अल्पावधीत पाव तयार करण्याची पद्धत शोधली, आणि कापसासारखा मऊ, कापसाइतकाच चवदार पाव घरोघर पोचला. १९७७ मध्ये पॉट नूडल आले. या यादीत खाणाऱ्याच्या आवडीचा भाग थोडा. टंचाई, घाई आणि यंत्र यांचाच भाग मोठा. आधी कारखान्याने माणसाचा वेळ घ्यायचा, मग कारखान्यानेच त्याला वेळ वाचविणारे अन्न विकायचे, आणि शेवटी सुखवस्तू माणसाने त्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडायचे, असा हा तीन अंकी प्रयोग आहे.

राज्यकर्ते या ताटाकडे कसे पाहतात, हे करांच्या नियमांतून दिसते. ब्रिटनमध्ये बहुतेक खाद्यपदार्थांवर मूल्यवर्धित कर नाही, पण वेफरवर आहे. केकवर नाही, पण चॉकलेटचा लेप दिलेल्या बिस्किटावर आहे. परिणामी ‘जाफा केक’ हा केक की बिस्कीट, याचा निवाडा १९९१ मध्ये न्यायाधिकरणाला करावा लागला. शिळा झाल्यावर तो बिस्किटासारखा मऊ न पडता केकसारखा कडक होतो, हाही मुद्दा विचारात घेऊन तो केक ठरला. ‘प्रिंगल्स’ हा पदार्थ पुरेसा बटाट्याचा आहे की नाही, हा प्रश्न २००९ मध्ये अपील न्यायालयापर्यंत गेला. आल्याच्या बिस्किटाच्या बाहुल्याला चॉकलेटचे दोन ठिपके डोळे म्हणून लावले तर कर नाही. त्याहून अधिक चॉकलेटने त्याला सजविले तर कर लागू. कोणत्याही विनोदकाराला हेवा वाटावा अशी ही नियमावली आहे.

परंतु मार्च २०१२ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी दुकानातून गरमागरम नेल्या जाणाऱ्या पेस्टी आणि सॉसेज रोल यांच्यावर वीस टक्के कर सुचविला, तेव्हा हसणे थांबले. त्याच अंदाजपत्रकात सर्वाधिक उत्पन्नावरील प्राप्तिकराचा दर पन्नासवरून पंचेचाळीस टक्क्यांवर आणण्याची तरतूद होती, हे विसरून चालणार नाही. पेस्टी सभोवतालच्या हवेपेक्षा गरम असेल तर कर लागणार होता. म्हणजे कर हवामानावर अवलंबून! ‘ग्रेग्ज’च्या दुकानातून आपण शेवटची पेस्टी कधी घेतली, असे संसदीय समितीत विचारले गेले असता अर्थमंत्र्यांना ते आठवेना. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी तत्परतेने आपण लीड्स स्थानकावर पेस्टी खाल्ल्याचे सांगितले; मात्र त्यांनी ज्या दुकानाचे नाव घेतले, ते तेथून केव्हाच उठले होते. मे अखेरीस सरकारने माघार घेतली. भट्टीतून काढून आपोआप निवणाऱ्या पेस्टीला सूट मिळाली, मुद्दाम गरम ठेवलेलीवर कर राहिला. पेस्टी न खाणाऱ्यांनी पेस्टीचे अर्थशास्त्र ठरवावे, हा त्या वर्षातील सर्वांत मोठा विनोद होता आणि तो कोणी जाणूनबुजून केलेला नव्हता.

सुधारकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. शालेय भोजन पुरविण्याचे सर्वसाधारण बंधन आणि त्याचे पोषणविषयक निकष मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८० च्या कायद्याने काढून टाकले. त्यानंतर स्वस्तात स्वस्त पुरवठादाराचे राज्य आले. २००५ मध्ये जेमी ऑलिव्हर या नामांकित आचाऱ्याने दूरचित्रवाणीवरून या भोजनाची लक्तरे वेशीवर टांगली, हे त्यांनी चांगलेच केले. पण पुढच्या वर्षी रॉदरहॅमजवळच्या एका शाळेत काही माता कुंपणातून मुलांना बर्गर आणि चिप्स देऊ लागल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या मातांची जी छी-थू केली, तिच्या दशांशानेही १९८० च्या कायद्याची केली नाही. कायद्याला चेहरा नसतो, बाईला असतो.

मे २०२२ मध्ये तेव्हाचे हुजूर पक्षाचे खासदार ली अँडरसन यांनी संसदेत सांगितले की, लोकांना स्वयंपाक आणि हिशेब नीट येत नाही. आला तर दिवसाला सुमारे तीस पेन्समध्ये जेवण होऊ शकते. लोकांनी त्यांचे नाव ‘थर्टी पी ली’ ठेवले. साडेसात पेन्सचे टोस्ट-सँडविच निदान अर्धे तरी थट्टेत होते. येथे तेवढीही सोय उरली नाही. असे हिशेब करणारा नेहमी शिध्याचीच किंमत धरतो. त्यात गॅस, वीज, भांडी आणि दोन नोकऱ्यांमधला वेळ येत नाही. नवा पदार्थ मुलाने पानात टाकला तर दुसरे काय द्यायचे, ही धास्तीही येत नाही. ज्याच्याजवळ आठवड्याला मोजके पौंड उरतात, त्याला चुकण्याची चैन परवडत नाही. वेफरच्या पुडीची चव मुलाला ठाऊक असते, किंमत वेष्टनावर छापलेली असते आणि ती कधी करपत नाही. हा अडाणीपणा नव्हे, हा हिशेब आहे. आणि खासदारांच्या हिशेबापेक्षा तो अधिक पक्का आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘आइसलँड’ या स्वस्त किराणा दुकानांच्या साखळीच्या प्रमुखांनी एक गोष्ट जाहीरपणे सांगितली. अन्नपेढ्यांवर येणारे काही लोक बटाटे आणि कंदमुळे नाकारीत आहेत, कारण ती उकडायला लागणारे इंधन त्यांना परवडत नाही. फुकट मिळालेला बटाटा महाग पडतो, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ट्रसेल ट्रस्ट या सर्वांत मोठ्या जाळ्यातील अन्नपेढ्यांनी २०२३-२४ या एका वर्षात तीस लाखांहून अधिक शिधा-संच वाटले. काही अन्नपेढ्या आता संच देण्यापूर्वी घरी शेगडी चालू आहे का, असे विचारतात. नसल्यास केवळ पाणी उकळण्याच्या किटलीवर भागेल असा वेगळा संच मिळतो: झटपट सूप, नुसते गरम पाणी पुरेल असा बटाट्याचा चुरा, आणि कपातल्या शेवया. ज्यांच्याकडे किटलीपुरतीही वीज नाही, त्यांच्यासाठी डबे उघडून थंडच खाण्याचा संच निराळा असतो.