तिलावाचा अर्धा हिशेब

चाकणच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. वर्षअखेरच्या स्टॉकटेकिंगला एक बेअरिंग कमी निघालं, तर रात्री दहापर्यंत देहूला परतायचं नाव नाही. बिनकार्ड काढा, व्हाउचर जुळवा, रॅकखाली वाकून बॅटरी मारा. बहुतेक वेळा सापडायचंच. म्हणून ‘तिलावा’ बोटीच्या चांदीची बातमी वाचली, तेव्हा माझ्यातल्या स्टोअरकीपरला आधी कौतुकच वाटलं.

२,३६४ लगडी. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं नाणी पाडायला विकत घेतलेल्या. २० नोव्हेंबर १९४२ ला त्या मुंबईहून निघाल्या आणि २३ तारखेच्या मध्यरात्रीनंतर जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं अरबी समुद्राच्या तळाशी गेल्या. २०१७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीनं अडीच किलोमीटर खोलीवरून त्या उपसून काढल्या. मग उपसून काढल्याच्या मोबदल्यावरून खटला, अपील, पुन्हा अपील. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं निकाल दिला. एक्क्याऐंशी वर्षांनी चांदीचं खातं जुळलं.

आता दुसरं खातं. बोटीवर माणसं होती ९५८. प्रवासी बहुतेक पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघालेले, त्यात गुजराती कुटुंबं पुष्कळ, बाकी खलाशी. पहिल्या टॉर्पेडोनंतर बोट लगेच बुडाली नाही, म्हणून होड्यांत उतरलेले काहीजण परत वर चढले. तासाभरानं दुसरा टॉर्पेडो लागला. २८० माणसं गेली. वाचलेल्या ६७८ जणांतल्या बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेनं उचलून मुंबईला आणलं. या मेलेल्यांसाठी मुंबईत पहिला स्मरणकार्यक्रम व्हायला २०२२ साल उजाडलं, तोही वारसांनी खटपट केली म्हणून. हल्ली तिलावाला ‘भारतीय टायटॅनिक’ म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. टायटॅनिक हिमनगावर आपटली. ही बोट माणसांनी नेम धरून बुडवली.

नेम धरणारी पाणबुडी होती आय-२९. पाचच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात सुभाषबाबू जर्मन पाणबुडीतून ज्या जपानी पाणबुडीत चढले, ती हीच. तो प्रवास आम्ही शाळेत छाती फुगवून ऐकला. तिलावाचं नाव गुरुजींनी कधी काढलं नाही, बहुधा त्यांनाही ठाऊक नसेल. मला वाटतं, ही बोट आपल्याला गैरसोयीची आहे. ती शत्रूनं बुडवली म्हणावं, तर शत्रू कोणाचा, हा प्रश्न येतो. पण पाण्यात पडलेल्या बाईला त्या प्रश्नाचं काय? नेताजींचं धाडस खरं आणि ती २८० माणसंही खरी. एकाची नोंद करताना दुसरी खोडायची गरज नाही.

देहूत राहणाऱ्याला पाण्यात बुडालेलं परत येतं, हे सांगावं लागत नाही. तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी तरल्या, हे आम्ही आईच्या मांडीवर ऐकलेलं. (आजच्या इंद्रायणीत वही टाकली, तर ती फेसावरच अडकून राहील, ते सोडा.) ‘गेरसोप्पा’ नावाची दुसरी मालवाहू बोट कलकत्त्याहून चांदी घेऊन निघाली होती. फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीनं ती आयर्लंडजवळ बुडवली. तिची चांदी काढताना पावणेपाच किलोमीटर खोलवर टपालाचा ढीग सापडला. गाळाखाली, थंड अंधारात दडपून राहिल्यानं कागद टिकला होता. सातशेवर पत्रं वाचता आली. लंडनमध्ये त्यांचं प्रदर्शनही झालं. त्या बोटीवरचा एकच माणूस जिवंत राहिला, गोरा अधिकारी. त्याचं नाव गोष्टीत येतं. बाकीचे, ज्यांत बहुसंख्य भारतीय खलाशी होते, ते ‘आणि इतर’.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांहून अधिक भारतीय नौसैनिकांची आणि खलाशांची नावं एका ग्रंथात लिहिलेली आहेत. एक प्रत मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये, दुसरी चितगावला. तो यादीग्रंथ सेवेतल्यांचा. तिलावाच्या प्रवाशांना त्यात जागा असायचं कारण नाही. आणि पुस्तक मुद्दाम जाऊन उघडावं लागतं. आमच्या गाथा मंदिरात तुकोबांचे चार हजारांवर अभंग संगमरवरी भिंतींवर कोरलेत. अक्षर न येणारी म्हातारी वारकरीणही त्यावरून हात फिरवून जाते.

तशी भिंत मुंबई बंदरात हवी, माणसांची ये-जा असते तिथं, भाऊच्या धक्क्यावर म्हणा. खलाशी आणि प्रवासी, सगळ्यांची नावं, देवनागरीत. राज्य सरकार आणि बंदर प्राधिकरणानं मनावर घेतलं, तर एका उड्डाणपुलाच्या रंगरंगोटीएवढाही खर्च यायचा नाही.

हे लिहीत बसलो, तेव्हा बायकोनं चहा ठेवत विचारलं, “अहो, त्या बोटीवर आपलं कोण होतं?”

कुणी नव्हतं. रॅकखाली वाकून शोधलेलं बेअरिंग तरी कुठं माझं होतं?