दोष यंत्राचा कीं शिकविणाराचा?

“गणकयंत्र हातीं आलें कीं मुलांची बुद्धि बोथट होते,” असा आक्षेप आमच्या यवतमाळकडील सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येतो. ज्यांच्या आजोबांनीं पावकी-निमकी, दिडकी-औटकी मुखोद्गत करून कापसाच्या बाजारांत तोंडीं हिशेब केले, त्यांना ही धास्ती वाटावी हें स्वाभाविक आहे. परंतु आक्षेपकांनीं दोन निराळीं यंत्रें एकाच दावणीला बांधिलीं आहेत.

साधें गणकयंत्र केवळ उत्तर देतें. आज्ञावली स्वीकारणारें यंत्र आधीं रीत मागतें. तळहातावर मावणारें असें पहिलें यंत्र, ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचें एचपी-६५, १९७४ सालीं निघालें. किंमत ७९५ डॉलर, आणि आज्ञावली अवघ्या १०० पायऱ्यांची! पुढल्याच वर्षीं आलेल्या एचपी-२५ मध्यें तर ४९ च पायऱ्या होत्या. एवढ्याशा जागेंत गणित बसवावयाचें म्हणजे एकेक पायरी तोलून लिहावी लागे. ज्यास रीत समजली नाहीं, त्यास तें यंत्र निरुपयोगीच होतें.

हें मर्म महाराष्ट्रास तरी परकें वाटूं नये. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनीं १९४९ सालीं पुढील चमत्कार दाखविला. चारही अंक सारखे नाहींत अशी चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. शून्य आल्यास तेंही अंक म्हणून धरा आणि तीच क्रिया पुनः करा. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४! फार तर सात खेपांत ६१७४ येतेच. ही रीत म्हणजे आज्ञावलीच नव्हे काय?

कोणी म्हणेल, कापरेकरांना यंत्र कोठें लागलें? नाहीं लागलें. पण कापरेकर एखादाच निपजतो. सामान्य मुलास त्याच्या रीतींतली चूक तत्काळ दाखविणारा, यंत्राइतका निःपक्षपाती परीक्षक दुसरा नाहीं.

म्हणून आमचा रोष यंत्रावर नाहीं; रीत न विचारतां उत्तरासच गुण देणाऱ्या शिक्षणावर आहे. पाढे घोकवून त्यांचा अर्थ न सांगणारी शाळा आणि कळ दाबून मोकळा होणारा विद्यार्थी, हीं एकाच दोषाचीं दोन अपत्यें होत. आज खिशांतला फोनही क्षणांत उत्तर देतो. वणी-पुसदच्या मुलांना आम्ही नुसतीं उत्तरें घेणारीं करणार, कीं रीत लिहिणारीं? याचा निर्णय यंत्र करणार नाहीं. तो पालकांना व शिक्षकांनाच करावा लागेल.